समुद्र, खाडी, सडा, घाट: गोडोमध्ये दर वेळी नवं घडणारं कोकणी जादूचं जग

वेंगुर्ल्याच्या पुळणीवरून निघून आंबोलीच्या माथ्यापर्यंत गेलं की वाटेत समुद्र, वाळू, खाडी, माडा-पोफळीच्या बागा, जांभ्याचा सडा (कातळाचं पठार) आणि शेवटी घाट एकामागून एक लागतात. हा छेद कागदावर आडवा काढला की साइड-स्क्रोलर (बाजूने दिसणाऱ्या, आडव्या सरकणाऱ्या) खेळाचा नकाशा जवळजवळ तयार होतो. या लेखात त्याच छेदावर एक छोटा खेळ उभा करू. प्रत्येक नव्या डावात जग वेगळं असेल, खेळाडू ते धुंडाळेल आणि वाटेत मंत्र मिळवेल. प्रोग्रामिंगची तोंडओळख (व्हेरिएबल, फंक्शन, लूप) असेल तर एवढं पुरे.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो, कारण नवखे बहुतेक वेळा इथेच चुकतात. जग आपोआप घडवायचं म्हणजे सगळं यादृच्छिक संख्यांवर सोपवायचं, असं नाही. समुद्रानंतर पुळण आणि सड्यानंतर घाट हा क्रम तुम्ही ठरवायचा. खाडीचा तळ कुठे खोल, सड्याखाली गुहा कुठे, एवढंच यंत्राला ठरवू द्यायचं. २००८ साली आलेल्या 'स्पेलंकी' या खेळात प्रत्येक पातळी चार गुणिले चार अशा १६ खोल्यांची असते. तिथे आधी वरून खालपर्यंत नक्की जाता येईल अशी वाट आखली जाते, बाकीची सजावट त्यानंतर. आपणही तेच करणार आहोत.

तयारी

गोडो हे खेळ बनवायचं इंजिन फुकट आहे आणि त्याचा कोड खुला आहे. आवृत्ती ४.३ किंवा त्यापुढची घ्या, कारण टाइलमॅपलेयर आणि पॅरालॅक्सटूडी हे दोन्ही नोड (खेळ जोडायचे तयार घटक) ४.३ पासून आले. जुन्या व्हिडिओंत दिसणारा टाइलमॅप नोड आता मागे पडला आहे, त्यावरून शिकू नका. इंजिन आकाराने लहान आहे, मोबाइल डेटावरही उतरतं. पण खेळ इतरांना देण्यासाठी लागणारी एक्सपोर्ट टेम्प्लेट्स सुमारे १ जीबीची असतात. वाडीत रेंज धड नसेल तर तालुक्याच्या गावी गेल्यावर तेवढी उतरवून घ्या.

नवा प्रोजेक्ट करताना रेंडरर 'कम्पॅटिबिलिटी' निवडा, म्हणजे जुन्या लॅपटॉपवरही खेळ चालतो. व्ह्यूपोर्ट ६४० गुणिले ३६० ठेवा. तो तिप्पट केला की बरोबर १९२० गुणिले १०८० होतो. टाइल (जग ज्या चौकोनी चित्रांनी मांडायचं ती) १६ पिक्सेलची आणि टेक्स्चर फिल्टर 'निअरेस्ट' ठेवा, नाहीतर चित्रं धुरकट दिसतात. स्ट्रेच मोड 'कॅनव्हास आयटम्स'च हवा. 'व्ह्यूपोर्ट' ठेवला तर देवनागरीच्या वेलांट्या आणि जोडाक्षरं चौकोनी ठिपक्यांत हरवून जातात.

पावसात लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून दर बदलानंतर कंट्रोल-एस दाबायची सवय लावा. दिवसाच्या शेवटी प्रोजेक्टचा फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. त्यातला '.गोडो' नावाचा लपलेला फोल्डर घेतला नाही तरी चालतो, इंजिन तो पुन्हा तयार करतं.

पायरी १: आधी उडी मोजा

जमीन घडवण्याआधी खेळाडू तयार करा. किती उंचीचा कडा ठेवायचा हे त्याच्या उडीवर ठरतं.

कॅरेक्टरबॉडीटूडी घ्या. त्याला आयताकृती नव्हे, कॅप्सूल आकाराचं कोलिजन (टक्कर मोजायची चौकट) द्या. आयताचे कोपरे दोन टाइलींच्या सांध्यात अडकतात आणि सपाट जमिनीवरही खेळाडू ठेचकाळतो. गोडोच्या तयार नमुन्यात गुरुत्व ९८० आणि उडीचा वेग ४०० असतो. उडीची उंची काढायची तर वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वाची दुप्पट: १,६०,००० भागिले १,९६०, म्हणजे सुमारे ८२ पिक्सेल. टाइलींत मोजलं तर पाच. हवेतला वेळ ८०० भागिले ९८०, म्हणजे ०.८२ सेकंद. नमुन्यातला धावण्याचा वेग ३०० आहे. धुंडाळायच्या खेळाला तो फार होतो, म्हणून १६० करा. मग एका उडीत खेळाडू सुमारे १३० पिक्सेल, म्हणजे आठ टाइली पार करतो.

यातून दोन मर्यादा मिळतात. एका दमात चढायची पायरी चार टाइलींपेक्षा उंच नको आणि ओलांडायची फट सहा टाइलींपेक्षा रुंद नको. पाच आणि आठ हे आकडे गाठायचे तर हात अगदी अचूक लागतो, आणि नवखा खेळाडू तिथेच कंटाळून खेळ सोडतो. हे दोन्ही आकडे कोडात एकाच जागी नाव देऊन ठेवा. पुढे उडीचा वेग बदललात तर जगाचे नियमही आपोआप बदलायला हवेत.

पायरी २: छेद आखा

पहिलं जग १,०२४ स्तंभांचं करा. एक स्तंभ म्हणजे एका टाइलीची रुंदी. सरळ धावत गेलं तर हे अंतर १ मिनिट ४२ सेकंदांत संपतं. चाचणीला एवढंच बरं, मोठं नंतर करता येतं. ३२ स्तंभांचा एक तुकडा धरला की ३२ तुकडे होतात. समुद्राला ४, पुळणीला २, खाडीला ६, वाडीला ४, सड्याला ८ आणि घाटाला ८ तुकडे द्या.

समुद्रसपाटी २००व्या ओळीवर धरा. वाडी त्याच्या ४ टाइली वर, सडा २४ टाइली वर, आणि घाट सड्याच्या उंचीपासून सुरू होऊन आणखी १२० टाइली चढतो. इथे एक फसगत हमखास होते. गोडोत वाय अक्ष खाली वाढतो, त्यामुळे उंची वजा करावी लागते: ओळ म्हणजे २०० वजा उंची. हे विसरलं की घाटाच्या जागी दरी आणि खाडीच्या जागी डोंगर उभा राहतो.

आता प्रत्येक पट्ट्याच्या पायाभूत उंचीत नॉइज मिसळा. फास्टनॉइजलाइट हा रिसोर्स स्तंभाच्या क्रमांकावरून साधारण उणे एक ते एक यांमधली संख्या देतो. शेजारच्या स्तंभांच्या संख्या एकमेकींजवळ असतात, म्हणून जमीन लाटेसारखी वरखाली होते. ती संख्या किती टाइलींनी गुणायची आणि फ्रीक्वेन्सी किती ठेवायची, यावर पट्ट्याचा स्वभाव ठरतो.

सड्याला फ्रीक्वेन्सी ०.००८ आणि गुणक दीड. सडा म्हणजे कातळाचं पठार, तो टेकड्यांसारखा लाटांचा दिसला की कोकण ओळखू येत नाही. खाडीच्या तळाला ०.०२ आणि ४. घाटाला ०.०३ आणि १०. फ्रीक्वेन्सी ०.०१ म्हणजे ढोबळ मानाने शंभर स्तंभांची एक लाट, हे लक्षात ठेवलं की बाकीचे आकडे स्वतःच ठरवता येतात. नॉइज टोकाचे आकडे क्वचितच देतो, त्यामुळे गुणक १० असला तरी प्रत्यक्ष चढउतार बहुधा सहा-सात टाइलींचा दिसेल. जमीन सगळीकडे एकदम सपाट आली, तर फ्रीक्वेन्सी चुकून १ झाली आहे का ते पाहा. पर्लिन प्रकारचा नॉइज पूर्णांकांवर शून्य देतो.

वाडी आणि सडा यांच्यात २० टाइलींचा फरक आहे. तसाच सोडला तर ती भिंत कुणालाच चढता येणार नाही. त्याला कोकणात उपाय आहेच: पाखाडी. जांभ्याच्या चिऱ्यांच्या पायऱ्या वाडीतून सड्यावर नेतात, तशा जगातही कापा, दर दोन स्तंभांना एक टाइल चढ. २० टाइलींना ४० स्तंभ लागतील. ते सड्याच्या पट्ट्यातून घ्या, वाडीतून नको, नाहीतर बागेला जागाच उरत नाही. बाकीच्या सीमांवर दोन्ही उंचींचं मिश्रण १६ स्तंभांत हळूहळू बदलत न्या.

पायरी ३: तुकडे आणि सीड

सगळं जग एकदम मांडायची गरज नाही. खेळाडू ज्या तुकड्यात आहे तो आणि दोन्ही बाजूंचे दोन-दोन, असे पाच तुकडे पुरतात. खेळाडू एक तुकडा सुमारे सव्वातीन सेकंदांत पार करतो, म्हणून नवा तुकडा एका फ्रेममध्ये मांडायची घाई करू नका. दर फ्रेमला चार स्तंभ मांडले की आठ फ्रेममध्ये काम होतं आणि खेळ अडखळत नाही. टेरेनचे कडे-कोपरे आपोआप जुळवणारं फंक्शन मोठ्या भागावर फार संथ चालतं. कोणती टाइल लावायची ते शेजारी बघून तुम्हीच ठरवा आणि थेट सेल (टाइलीची एकेक जागा) भरा.

खेळ सुरू होताच खेळाडू अथांग खाली पडत गेला, तर तो जमिनीच्या आधी जन्माला आला आहे. पहिले तीन तुकडे तयार होईपर्यंत त्याचं फिजिक्स बंद ठेवा.

तुकड्याचा क्रमांक काढताना पूर्णांकांचा भागाकार वापरू नका. उणे एक भागिले ३२ याचं उत्तर गोडो शून्य देतो, कारण तो शून्याकडे कापतो. पुढे जग समुद्राच्या बाजूला वाढवलंत की शून्याच्या दोन्ही बाजूंचे तुकडे एकाच क्रमांकाचे होतील आणि एकमेकांवर मांडले जातील. दशांशात भागून 'फ्लोअर' घ्या.

सीड म्हणजे बी. तेच बी पेरलं की तेच जग उगवायला हवं. नॉइजला सीड दिला की जमीन तर सारखी येते, पण झाडं, पेट्या, भुतं यांच्यासाठी तुम्ही वेगळा रँडमनंबरजनरेटर वापराल आणि गडबड तिथे होईल. सगळ्या जगाला एकच जनरेटर असेल तर खेळाडू आधी डावीकडे गेला की उजवीकडे, यावरून पेट्यांच्या जागा बदलतात. म्हणून प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र जनरेटर करा आणि त्याचा सीड जगाचा सीड व तुकड्याचा क्रमांक या दोहोंच्या हॅशमधून (त्याच आकड्यांना दर वेळी तीच संख्या देणाऱ्या फंक्शनमधून) काढा. मग कोणत्याही क्रमाने या, तुकडा तोच मिळतो.

साठवताना जग साठवू नका. सीड आणि खेळाडूने बदललेल्या सेल एवढंच लिहा. फाइल काही किलोबाइटची होते. मात्र जग घडवायचा नियम पुढे बदललात तर जुन्या फाइलमधलं जग वेगळं उगवेल, म्हणून फाइलमध्ये नियमांचा आवृत्ती क्रमांकही ठेवा.

पायरी ४: सड्याखालच्या गुहा

सड्याचा पट्टा २५६ स्तंभ रुंद आहे. पृष्ठभागाखालच्या तीन ओळी भरीव सोडा, त्याखालच्या २० ओळी घ्या. त्यातल्या ४५ टक्के सेल दगड, बाकी पोकळ, अशा कशाही टाका. मग पाच फेऱ्या मारा. प्रत्येक सेल आणि तिच्या भोवतालच्या आठ, अशा नऊमध्ये पाच किंवा जास्त दगड असतील तर ती सेल दगड, नाहीतर पोकळ. पाच फेऱ्यांत खडबडीत ठिपक्यांच्या गोलसर गुहा होतात. हे काम तुकड्यागणिक करू नका. तुकड्याच्या कडेला पलीकडचे शेजारी माहीत नसतात, म्हणून दर ३२ स्तंभांवर उभी शिवण दिसते. सगळा सडा एकदम करा, ५,१२० सेलच आहेत.

नंतर प्रत्येक पोकळी मोजा. ६० सेलपेक्षा लहान ती बुजवा. उरलेल्या प्रत्येकीला वरून एक उभी वाट द्या आणि तीत चार टाइलींहून कमी अंतरावर टप्पे ठेवा, म्हणजे उतरलेला खेळाडू वरही येऊ शकेल.

सड्याच्या पृष्ठभागावर कातळशिल्पं ठेवा. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे इथली खरी शिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. ती जमिनीवर आडवी कोरलेली आहेत, भिंतीवर नाहीत. बाजूने दिसणाऱ्या खेळात ती नुसती एक रेघ दिसेल. म्हणून खेळाडू त्या जागी थांबला की वरून दिसणारं चित्र वेगळ्या चौकटीत उघडा. मंत्र शिकायची जागा हीच ठेवावी. खेळाडूला थांबायला कारण मिळतं.

पायरी ५: भरती-ओहोटी

हा भाग नीट जमवला तर तुमचा खेळ दुसऱ्या कुठल्याही खेळासारखा वाटणार नाही. त्याला वेळ द्या.

पाण्याचं खरं सिम्युलेशन नको. समुद्र, पुळण आणि खाडी, म्हणजे स्तंभ ० ते ३८३, यांत पाण्याची एकच पातळी धरा. खेळातला एक तास म्हणजे खरा एक मिनिट. किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचा ठोकताळा आहे: तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. हाच ठोकताळा कोडात घातला तर पंधरवडा पालटताना पाणी एकदम उडी मारतं, कारण अमावास्येचे सव्वाअकरा आणि प्रतिपदेची पाऊण यांच्यात दीड तासाचं अंतर पडतं, रोजच्या पाऊण तासाचं नाही. त्याऐवजी वेळ सलग चालू ठेवा आणि १५ दिवसांत बरोबर २९ भरत्या बसवा. ३६० तास भागिले २९ म्हणजे १२.४१ तास, हे खऱ्या समुद्राच्या १२ तास २५ मिनिटांना अगदी चिकटून आहे.

पातळीचं सूत्र: मधली पातळी अधिक आवाका गुणिले कोसाइन. आवाका ठरवताना ३ टाइली अधिक तिथीचा कोसाइन घ्या. अमावास्या-पौर्णिमेला तो ४ होतो, अष्टमीच्या सुमारास २. म्हणजे उधाणाला पाणी आठ टाइली वरखाली होतं, भांगाला फक्त चार.

आता या पातळीवर वाटा बांधा. समुद्रातल्या खडकाच्या पायथ्याशी, मधल्या पातळीच्या तीन टाइली खाली, एक कपार हाताने ठेवा. ती फक्त उधाणाच्या सुकतीला (ओहोटीला) उघडी पडते, भांगाला दोनच टाइली पाणी उतरतं म्हणून बुडालेलीच राहते. खेळाडूला तिथी दाखवा, पण कपारीबद्दल सांगू नका. दोन-तीनदा हात हलवत परत आल्यावर त्याला हिशोब कळतो आणि त्यातच शोधाची मजा आहे. आत अडकणाऱ्याला मात्र न्याय हवा. पाणी चढायला लागलं की आवाज बदला आणि बाहेर पडायला किमान ६० सेकंद मिळतील इतकीच कपार खोल ठेवा.

त्याच खडकावर किल्ला बसवा. सिंधुदुर्ग किल्ल्यात चारी बाजूंनी खारं पाणी असून दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. खेळात अशी विहीर मंत्रशक्ती भरून देईल. पण खेळाडू पाण्याच्या पातळीखाली गेला की बुडतो, हा तुमचा नियम विहिरीत उतरणाऱ्यालाही लागू होईल. विहिरींचे आयत वगळून ठेवा.

पायरी ६: मंत्र, चकवा आणि कौल

मंत्रशक्ती १००, सेकंदाला ५ ने भरते. प्रत्येक मंत्र वेगळा रिसोर्स करा: नाव, खर्च, पुन्हा वापरण्याआधीचा विराम, परिणाम. सुरुवातीला तीनच ठेवा. दिवटी गुहेत उजेड देते, खर्च १०. पाणीबांध पायाखालचं पाणी ८ सेकंद थोपवतो, खर्च ४०. राखणदाराची हाक भुतांना थोडा वेळ लांब ठेवते, खर्च ६०. हे आकडे असे आहेत की पाणीबांध आणि हाक एकत्र वापरली की दिवटीलाही काही उरत नाही. कुठे काय खर्चायचं हे ठरवावं लागणं हीच जादूतली गंमत, म्हणून शक्ती भरण्याचा वेग वाढवायचा मोह टाळा.

चकवा देवराईच्या एका तुकड्यात ठेवा. उजव्या कडेने बाहेर पडणारा खेळाडू त्याच तुकड्याच्या डाव्या कडेला येतो. तो पाच सेकंद जागेवर थांबला की चकवा सुटतो. नाहीच सुचलं तर तिसऱ्या फेरीनंतर आपोआप सोडा. दोन गोष्टी जपा. दोन्ही कडांची उंची सारखी ठेवा, आणि जागा बदलताच कॅमेऱ्याचं स्मूदिंग रीसेट करा. नाहीतर कॅमेरा सर्रकन मागे घसरतो आणि खेळाडूला सगळं कळतं.

देवळात कौल लावता येऊ द्या. उजवा पडला तर पुढची वाट सुकर, डावा पडला तर दुसरी वाट धर. हा निकाल साध्या रँडमने काढलात तर खेळाडू हवा तो कौल मिळेपर्यंत फाइल पुन्हा पुन्हा उघडेल. जगाचा सीड, देवळाचा क्रमांक आणि तिथी यांच्या हॅशमधून काढा. मग त्या दिवशी तोच कौल पडतो, दुसरा हवा तर तिथी बदलेपर्यंत थांबावं लागतं. गावात कौल ही श्रद्धेची गोष्ट आहे. ती जुगाराच्या चाकासारखी दाखवू नका, आणि खऱ्या देवस्थानाचं नाव देऊ नका.

पायरी ७: देवनागरी अक्षरं

गोडोच्या मूळ फाँटमध्ये देवनागरी नाही. तुमच्या लॅपटॉपवर मराठी दिसते ती सिस्टीमचा फाँट उसना घेतल्यामुळे. ब्राउझरमध्ये तोच खेळ उघडला की जागोजागी चौकोन येतात. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी प्रोजेक्टमध्येच टाका, दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत. अक्षराचा आकार १६ पेक्षा कमी नको. जोडाक्षरं सुटी पडत असतील तर प्रोजेक्ट सेटिंगमध्ये टेक्स्ट सर्व्हर 'अॅडव्हान्स्ड' आहे का ते तपासा.

संवाद एकेक अक्षराने उमटवताना 'क्ष'च्या आधी पाय मोडका 'क' चमकून जातो. लेबलच्या 'व्हिजिबल कॅरेक्टर्स बिहेवियर'मध्ये शेपिंगनंतर (जोडाक्षरं जुळवून झाल्यावर) अक्षरं दाखवायचा पर्याय निवडला की हे थांबतं. पात्रं मालवणी बोलणार असतील तर ओळी मालवणी घरात बोलणाऱ्याकडून वाचून घ्या. प्रमाण मराठीला नुसते शेवट बदलून मालवणी होत नाही.

पायरी ८: शंभर जगं तपासा

तुम्ही खेळलेलं एक जग नीट असलं म्हणजे सगळी नीट असतील असं नाही. गोडो खिडकी न उघडता 'हेडलेस'ही चालतो. एक छोटी स्क्रिप्ट लिहा: सीड १ ते १०० घ्या, प्रत्येकाच्या १,०२४ स्तंभांवरून जा, शेजारच्या दोन स्तंभांत चारपेक्षा जास्त चढ आला की सीड आणि स्तंभ छापा. खाडीवर पूल टाकले असतील तर त्यांच्यातली फट सहापेक्षा रुंद, कपारीचं तोंड बुजलेलं, किंवा एखाद्या गुहेला वाटच नाही, हेही त्यातच तपासा. चुका बहुतेक पट्ट्यांच्या सीमांवर आणि घाटात सापडतील. घाटात सापडल्या तर गुणक १० वरून ८ करा. सीमेवर सापडल्या तर मिश्रण १६ ऐवजी २४ स्तंभांत करा. नियम बदलला की पुन्हा शंभर.

मग खेळ गावातल्या दोघा-तिघांच्या हाती द्या आणि सीड पडद्याच्या कोपऱ्यात दिसू द्या. कुणी अडकलं, तर तेवढा आकडा आणि स्तंभ लिहून घेतला की तुमच्या यंत्रावर तीच जागा जशीच्या तशी उघडते.